सीव्हीटी किती टिकते, आणि नव्या सीव्हीटी खरंच सुधारल्यात का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशावर बोलतोय ते बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सात वर्षांची सीव्हीटीवाली पेट्रोल गाडी (सीव्हीटी म्हणजे ठराविक गिअर नसलेला, इंजिन आणि चाकांच्या वेगाचं प्रमाण, म्हणजे रेशो, सलग बदलत राहणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), सेकंड हँड घेतलेली, ८५ हजार किलोमीटर चाललेली. पिकअप ठीक आहे, चेक लाइट नाही, पण ट्रॅफिकमध्ये हळू चालताना आणि सपाट रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला अॅक्सिलरेटर हलका धरला की बारीक थरथर येते. सर्व्हिसवाले म्हणतात गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे, हात लावू नका. मित्र म्हणतो सीव्हीटी म्हणजे डोकेदुखी, लाख किलोमीटरच्या आत विकून मोकळा हो. आणि तुम्हाला हेही जाणून घ्यायचंय की नव्या गाड्यांमधली सीव्हीटी सुधारली म्हणतात ते खरं की नुसती जाहिरात, कारण पुढची गाडीही ऑटोमॅटिकच घ्यायची आहे.

मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायचं काम करतो, त्यात सीव्हीटी भरपूर येतात. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली तेही माहीत नाही, त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर असं" अशाच सांगाव्या लागतील. पण एक गोष्ट मॉडेल कुठलंही असो लागू पडते. सीव्हीटीचं आयुष्य किलोमीटरवर मोजून काही कळत नाही. आतला बेल्ट किती वेळा घसरला आणि ऑइल किती तापलं, हे दोन हिशोब बघायचे. दीड लाख चाललेला बॉक्स आतून स्वच्छ निघालेला मी बघितलाय आणि त्याच्या निम्मं चाललेल्याच्या पुल्या खरवडलेल्या बघितल्यात, दोन्ही एकाच प्रकारचे बॉक्स.

एक गोष्ट आधी बाजूला काढू. बऱ्याच हायब्रिड गाड्यांच्या माहितीत ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं, टोयोटाच्या प्रियसमध्ये असतो तो प्रकार. त्यात बेल्टही नाही आणि पुलीही नाही, गिअरचा एक प्लॅनेटरी सेट (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) आणि दोन इलेक्ट्रिक मोटर असतात, मोटरचा वेग कमी-जास्त करून रेशो बदलतो. तिथे घसरायला काही नाहीच, त्यामुळे बेल्टवाल्या सीव्हीटीची भीती त्या गाड्यांना लावू नका. खाली जे लिहितोय ते सगळं बेल्ट किंवा चेनवाल्या सीव्हीटीबद्दल.

आत काय चालतं ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं म्हणून ते जरा नीट सांगतो. दोन पुल्या असतात, एक इंजिनाकडची आणि एक चाकांकडची. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन शंकू, त्यातला एक ऑइलच्या प्रेशरने पुढे-मागे सरकतो. शंकू जवळ आले की बेल्ट वरच्या बाजूला चढतो, लांब गेले की खाली उतरतो, आणि एका पुलीत चढला की दुसरीत उतरतो, त्यातून रेशो बदलत राहतो. बेल्ट स्टीलचा. दीड-दोन मिलिमीटर जाडीचे साधारण चारशे स्टीलचे तुकडे एकामागे एक, आणि त्यांना बांधून ठेवायला दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये अतिशय पातळ स्टीलच्या कड्यांचे थर. आणि हा बेल्ट ओढत नाही, ढकलतो, माळेतले मणी मागून दाबले की पुढचा मणी सरकतो तसा एक तुकडा पुढच्याला ढकलत जातो. आता महत्त्वाचं म्हणजे इंजिनाची सगळी ताकद जाते ती या तुकड्यांच्या कडा आणि शंकूचा पृष्ठभाग यांच्यातल्या घर्षणातून. दात नाहीत. स्टीलवर स्टील आणि मध्ये ऑइलचा पातळ थर, घर्षणाचा गुणांक ०.१ च्या आसपास, म्हणजे फारच कमी. म्हणूनच पुलीला तो बेल्ट प्रचंड जोर लावून चिमटीत धरून ठेवावा लागतो, जोराची गरज असेल तेव्हा आतलं प्रेशर ५०-६० बारपर्यंत जातं.

ही पकड कमी पडली, क्षणभर का होईना, की बेल्ट घसरतो. साध्या ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेट थोडी घसरली तर प्लेट झिजते, ती झिजण्यासाठीच बनवलेली असते, बदलता येते. सीव्हीटीमध्ये मात्र शंकूचा पृष्ठभागच जातो. जोराने दाबलेलं स्टील स्टीलवर घसरलं की ऑइलचा थर तुटतो, कडेचा धातू शंकूला चिकटतो, तिथे ओरखडे पडतात, मग त्या जागेवर आल्यावर बेल्ट पुन्हा घसरायला सोपा. सुटलेले धातूचे कण ऑइलबरोबर वॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलचं प्रेशर वाटून देणाऱ्या वॉल्व्हच्या ठोकळ्यात जातात, तिथला प्रेशर सांभाळणारा वॉल्व्ह अडकायला लागतो, प्रेशर डगमगतं आणि बेल्ट आणखी घसरतो. एकातून एक असं ते वाढत जातं, म्हणून सीव्हीटी बरेचदा महिनोन्महिने हळूहळू बिघडत नाही, आतून बरंच काही झालेलं असतं आणि बाहेर एकदम दिसतं.

उघडलेल्या बॉक्समध्ये हे डोळ्यांनी दिसतं. चांगल्या पुलीचा शंकू सगळीकडे एकसारखा दिसतो, फिनिशिंगच्या बारीक गोल रेषा शाबूत असतात, नख फिरवलं तर कुठे अडत नाही. खराब पुलीवर एका ठराविक त्रिज्येवर चकाकणारी गोल पट्टी असते, आणि नख त्या पट्टीच्या काठावर अडकतं. बहुतेक वेळा ही पट्टी हायवेच्या स्पीडला बेल्ट जिथे बसतो तिथे असते, कारण लांबच्या प्रवासात बेल्ट तासन्तास तिथेच फिरतो. पट्टी सुरुवातीच्या रेशोच्या जागी असेल, म्हणजे गाडी जागेवरून निघताना बेल्ट जिथे असतो तिथे, तर ती गाडी चढावर लोड घेऊन किंवा झटके देत चालवलेली आहे असा माझा अंदाज असतो.

आता बेल्ट घसरतो कधी. इंजिनाने जोर लावला म्हणून सहसा घसरत नाही, कारण इंजिन किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतंय हे बॉक्सच्या कंप्युटरला इंजिनाच्या कंप्युटरकडून कळत असतं आणि तो आधीच पकड वाढवून ठेवतो. पंचाईत होते ती चाकांकडून अचानक येणाऱ्या झटक्याने, ज्याची आगाऊ खबर नसते. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर चाक जागेवर फिरलं आणि मग एकदम पकड मिळाली, अॅक्सिलरेटर दाबलेला असताना चाक खड्ड्यात आदळून वर उडालं, गाडी पूर्ण थांबायच्या आत डी मधून आर मध्ये टाकली, असे प्रसंग. आणि अजून एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे पॉवर वाढवणारे ट्यूनिंग बॉक्स. त्यातले बरेच सेन्सरचं रीडिंग खोटं दाखवून काम करतात, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात जास्त टॉर्क देतंय पण गिअरबॉक्सला जुनाच आकडा कळतोय, मग गिअरबॉक्स त्या जुन्या आकड्याइतकीच पकड ठेवतो. सीव्हीटीच्या गाडीला हे लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. तुमची सेकंड हँड आहे म्हणून इंजिनाच्या वायरिंगमध्ये असं काही जोडलेलं किंवा काढल्याच्या खुणा आहेत का ते एकदा बघून घ्या.

दुसरा शत्रू तापमान. सीव्हीटीचं ऑइल साध्या ऑटोमॅटिकच्या ऑइलपेक्षा वेगळं असतं, त्याला दोन उलट कामं करायची असतात, बेअरिंगला निसरडेपणा द्यायचा आणि बेल्ट-पुलीमध्ये घर्षण टिकवून ठेवायचं. हे दुसरं काम त्यातल्या रसायनांवर चालतं आणि उष्णतेने तीच रसायनं आधी संपतात. चालताना ऑइल ८०-९० डिग्रीच्या आसपास असलं तर काळजी नाही. लांब चढ, भरलेली गाडी, बाहेर ऊन, किंवा बराच वेळ खूप जास्त स्पीड, अशात ते ११०-१२० कडे जायला लागलं की ऑइलचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, आणि अनेक गाड्यांमध्ये बॉक्स स्वतःला वाचवायला इंजिनाची ताकद कमी करून टाकतो. घाटात अचानक गाडी ओढेनाशी होते आणि थोडं थांबून निघालं की पुन्हा नीट चालते अशी तक्रार घेऊन लोक येतात, ती बहुतेकदा हीच असते. अशा वेळी आधी रेडिएटर आणि ऑइल कूलर धुळीने, किड्यांनी, कचऱ्याने भरलाय का ते बघायचं. गिअरबॉक्स उतरवायची गोष्ट नंतर.

म्हणून लाइफटाइम ऑइल हे मला अजिबात पटत नाही. ते ऑइल बॉक्सच्या आयुष्याइतकं चालेल हे मान्य, पण मग बॉक्सचं आयुष्य ऑइल ठरवतं. ट्रॅफिक, चढ, गरम हवा अशी गाडी असेल तर ४०-५० हजारांना मी ऑइल बदलतो, मोकळ्या रस्त्यावर निवांत चालणारी असेल तर ६०-७० हजारांपर्यंत थांबायला हरकत नाही. हे माझे आकडे आहेत, तुमच्या गाडीच्या पुस्तकात कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असेल तर तो बघा. बरेचदा तपासायला किंवा बदलायला त्यात लिहिलेलं असतं आणि लोक फक्त साध्या वापराचा तक्ता वाचतात.

आता सुधारणांचं. थोडा इतिहास लागेल कारण त्याशिवाय नवीन म्हणजे चांगलं का ते कळत नाही. डॅफ कंपनीने १९५८ मध्ये डॅफ ६०० ही छोटी गाडी आणली, तिच्यात रबराचे बेल्ट होते. स्टीलचा ढकलणारा बेल्ट मोठ्या प्रमाणावरच्या गाड्यांत आला तो १९८७ च्या सुमारास, सुबारू जस्टी, फोर्ड फिएस्टा, फियाट उनो अशा लहान इंजिनाच्या गाड्यांत. तिथे लोड कमी होता. खरी परीक्षा पुढे झाली, जेव्हा हीच पद्धत मोठ्या गाड्यांत नेली, निसानची पहिली मुरानो ३.५ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाला सीव्हीटी जोडून आली होती. वजन वाढलं, टॉर्क वाढला, गाडी लोड घेऊन चढायला लागली, उष्णता वाढली. आणि त्याच वेळी मायलेजचा दबाव. पकड जितकी जास्त ठेवाल तितकं पंपाला काम जास्त आणि पेट्रोल जास्त, म्हणून गरजेपेक्षा किती जास्त पकड ठेवायची हा आकडा कमी कमी करत न्यायचा मोह प्रत्येकाला होता. पकडीची ही शिल्लकच झटका आला तर बेल्ट वाचवते, ती कमी केली तर मायलेज मिळतं पण चुकीला जागा उरत नाही. निसानने अमेरिकेत २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवून दिली होती, सुबारूनेही पुढे अनेक मॉडेलना १० वर्षं किंवा १,००,००० मैल केली. कंपन्या अशी वॉरंटी उगाच वाढवत नाहीत, त्यामुळे तुमचा मित्र जे म्हणतो त्याला आधार आहे. फक्त तो सगळ्या सीव्हीटींना एकाच काठीने हाकतोय.

नंतर जे बदल झाले त्यातले काही खरोखर मुळावर घाव घालणारे आहेत आणि काही नुसते चालवताना बरं वाटावं म्हणून आहेत, हा फरक लक्षात घ्या.

मला सगळ्यात पटलेला बदल म्हणजे टोयोटाचा २०१८ चा डायरेक्ट शिफ्ट सीव्हीटी. गाडी जागेवरून निघते तेव्हा टॉर्क सर्वात जास्त असतो आणि बेल्ट इंजिनाकडच्या पुलीत अगदी छोट्या त्रिज्येवर वाकलेला असतो, म्हणजे बेल्टचा सगळ्यात वाईट क्षण. टोयोटाने तिथे बेल्टला कामच दिलं नाही, सुरुवातीला खरा दातेरी गिअर आणि थोडा वेग आला की बेल्ट. बेल्टला छोट्या त्रिज्येचं काम नको म्हणून पुली लहान आणि हलकी करता आली, शंकूचा कोनही ११ डिग्रीवरून ९ डिग्रीवर आणला, रेशो पटकन बदलायला लागला. दाइहात्सूने २०१९ मध्ये टँटो गाडीत वेगळी युक्ती केली, जास्त वेगात ताकदीचा काही हिस्सा बेल्टला वगळून सरळ गिअरमधून पाठवला. त्याच्याही आधी, २००९ मध्ये जॅटकोने छोट्या गाड्यांसाठी सीव्हीटीला दोन वेगांचा जोड-गिअर लावला होता, त्यामुळे लहान पुल्या ठेवूनही ७.३ चा रेशोचा पल्ला मिळाला, म्हणजे सगळ्यात मोठा रेशो सगळ्यात छोट्याच्या ७.३ पट. तिन्हींची दिशा एकच, बेल्टला जिथे त्रास होतो तिथून त्याला सोडवायचं.

सुबारूने २००९ पासून बेल्टऐवजी चेन वापरली, ती ओढते, ढकलत नाही, आणि छोट्या त्रिज्येवर जास्त वाकू शकते. चेन म्हणजे आपोआप मजबूत असा समज आहे तो बरोबर नाही, घर्षणाचं गणित तिथेही तेच, ऑडीची मल्टिट्रॉनिक चेनचीच होती आणि ऑडीने ती पुढे बंद केली. चेनची पुली खराब झाली की आवाज मात्र लवकर येतो, हा एक फायदाच समजा.

बाकी दिसायला छोटे पण कामाचे बदल म्हणजे प्रेशरचं कंट्रोल जास्त अचूक झालं, चाक फिरलं की इंजिनाचा टॉर्क लगेच कमी करायला लागले, कूलर मोठे झाले, आणि थंडीत ऑइल लवकर गरम करणारे हीट एक्सचेंजर आले. गाडी ५-६ गिअर टाकल्यासारखे टप्पे दाखवते ते मात्र निव्वळ आवाज आणि फील सुधारायला आहे, टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही. शोरूममध्ये नेमकं तेच दाखवतात, त्यावरून निर्णय घेऊ नका.

तेव्हा सुधारणा खरी आहे. पण बॉक्स किती नवा यापेक्षा तो ज्या गाडीत बसवलाय तिच्या वजन-टॉर्कच्या मानाने त्याच्याकडे किती शिल्लक आहे ते जास्त बोलतं. छोट्या इंजिनाची हलकी गाडी, निवांत चालवणारा माणूस, तिथे १० वर्षं जुन्या डिझाइनची सीव्हीटीही छान चालते. मोठी सात सीटर, कायम भरलेली, मागे ट्रेलर, तिथे मी अजूनही साधी, ठराविक गिअरवाली ऑटोमॅटिक घ्या म्हणेन. निसाननेच पाथफाइंडर २०२२ च्या मॉडेलला सीव्हीटी काढून ९ स्पीड ऑटोमॅटिकवर नेली, ही गोष्ट बरंच सांगून जाते.

आता तुमच्या थरथरीकडे येऊ, कारण तुमचा निर्णय खरं तर यावर अवलंबून आहे.

हलक्या अॅक्सिलरेटरवर ४०-५० ला येणारी थरथर म्हटली की माझ्या डोक्यात तीन गोष्टी येतात आणि मी त्या स्वस्ताकडून महागाकडे तपासतो. पहिली म्हणजे इंजिनाचा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. सीव्हीटी इंजिनाला अगदी कमी आरपीएमवर ठेवून लोड देते, १२००-१५०० वर, आणि एखादी इग्निशन कॉइल किंवा प्लग कमजोर असेल तर नेमका तिथेच तो उघडा पडतो. गाडीचा हादरा हुबेहूब गिअरबॉक्सचा वाटतो. गिअरबॉक्स गेला म्हणून माझ्याकडे आणलेल्या गाड्यांमधल्या काही नुसत्या कॉइल आणि प्लगवर परत गेल्यात. तुमच्या गाडीचे प्लग कधी बदलले होते? ८५ हजारांत एकदाही नसतील तर सुरुवात तिथून करा. इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग फाटलेत का तेही त्याच वेळी बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला ऑइलवर चालणारा जोड, बऱ्याच सीव्हीटींनाही तो असतो, आणि लॉक-अप क्लच त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडतो. साधारण याच वेगात तो लागतो, आणि ऑइल जुनं झालं की तो नीट न पकडता अडखळत पकडतो, तेव्हा खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर येते. हे ओळखायला स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून चालत्या गाडीत दोन आकडे शेजारी शेजारी बघायचे, इंजिनाचा आरपीएम आणि टर्बाइनचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूचा, काही गाड्यांत त्याला इनपुट स्पीड म्हणतात. लॉक-अप लागलेला असताना दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. थरथर येते त्या क्षणी त्यांच्यातला फरक खालीवर नाचत असेल तर दोष लॉक-अपचा. स्कॅनर नसेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, थरथर चालू असताना डाव्या पायाने ब्रेकला फक्त ब्रेकलाइट लागेल इतका स्पर्श करा, बऱ्याच गाड्यांत त्याने लॉक-अप सुटतो. थरथर लगेच थांबली तर बोट लॉक-अपकडे. याचा दोष बेल्टवर येत नाही आणि योग्य ऑइल दिल्यावर तो बरेचदा पूर्ण जातो, म्हणून ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

तिसरी म्हणजे बेल्टच घसरतोय. इथे इंजिनाकडची पुली आणि चाकांकडची पुली यांचे स्पीड बघायचे, त्यांच्या भागाकारातून रेशो निघतो. तुम्ही अॅक्सिलरेटर एका जागी धरलाय, रस्ता सपाट आहे, कंप्युटरने मागितलेला रेशो स्थिर आहे आणि प्रत्यक्षातला मात्र थरथरतोय, तर पकड सुटतेय. त्याबरोबर मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर यात फरक असेल तर दोष वॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड (तिच्यातले विजेवर चालणारे वॉल्व्ह) किंवा पंपाचा, आणि वेळेत पकडला तर पुल्या वाचतात. प्रेशर बरोबर असूनही रेशो नाचत असेल तर पुल्यांवर ओरखडे पडलेत असं समजायचं.

हे आकडे बघून झाले की पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचा ऑइलचा ट्रे, खोला. पॅनच्या तळाशी लोहचुंबक असतात, त्यांच्यावर काळसर राखाडी लगदा जमलेला असतो, तो बघून घाबरू नका, ८५ हजारांत तो असणारच. तो बोटांमध्ये चोळा. लोण्यासारखा मऊ लागला आणि हाताला खरखर जाणवली नाही तर ती नेहमीची झीज. चोळताना कण टोचले, किंवा उजेडात धरल्यावर चकाकणारे तुकडे, सुईसारख्या काड्या दिसल्या, तर तो धातू बेल्ट-पुलीचा किंवा बेअरिंगचा आहे आणि नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. ऑइलचा वास जळका आणि रंग काळाभोर असेल तर तापलेलं आहे, नुसतं गडद झालं असेल तर फार काळजी नाही.

ऑइल बदलताना काय करायचं ते नीट ऐका, इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ऑइल तुमच्या बॉक्सला जे लिहिलंय तेच, निसानचं एनएस-२, एनएस-३, होंडाचं एचसीएफ-२, टोयोटाचं एफई, हे मनाने एकमेकांच्या जागी घालू नका, आणि साधं ऑटोमॅटिकचं एटीएफ तर कधीच नाही, त्यात बेल्टला लागणारं घर्षण नाही. ड्रेन प्लग काढल्यावर सगळं ऑइल येत नाही, साधारण निम्मं येतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलायचं, काहीशे किलोमीटर चालवायचं, मग पुन्हा बदलायचं. जुन्या, दुर्लक्ष झालेल्या बॉक्सला मशीनने प्रेशर देऊन फ्लश करायला मी नको म्हणतो, बसलेली घाण उठून वॉल्व्ह बॉडीत जाते. पॅनमधली जाळी धुवायची, काही बॉक्सना कूलरच्या बाजूला कागदी फिल्टरही असतो, तो बदलायचा, तो आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि लेव्हल. लेव्हल ठराविक तापमानाला बघतात, बऱ्याच गाड्यांना ३५-४५ डिग्रीच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागेवर. कमी भरलं तर पंप हवा ओढतो, जास्त भरलं तर ऑइल घुसळून फेस होतो, दोन्हीत प्रेशर पडतं आणि बेल्ट घसरतो. अंदाजाने भरून गाडी देणाऱ्याकडे हे काम देऊ नका. ऑइल बदलल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने ऑइलच्या वयाचा काउंटर रीसेट करावा लागतो, आणि वॉल्व्ह बॉडी बदलली तर तिचा कॅलिब्रेशन डेटा कंप्युटरला द्यावा लागतो, नाहीतर नवीन भाग घालूनही झटके राहतात.

चालवण्याबद्दल फार नाही सांगत. पूर्ण थांबल्याशिवाय डी-आर करू नका, चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक धरा. थंड इंजिनावर पहिले काही मिनिटं जोर देऊ नका. चारही टायर एकाच साइजचे आणि साधारण सारख्या झिजेचे ठेवा. हलक्या हाताने चालवणं म्हणजे कायम रांगत चालवणं असाही अर्थ नाही, सीव्हीटीला मध्यम जोर चालतो, तिला अचानक झटका चालत नाही.

ठेवू की विकू. थरथर प्लग-कॉइलने गेली किंवा लॉक-अपची निघाली आणि चुंबकावर फक्त मऊ लगदा असेल, तर विकायचं काही कारण नाही, ऑइल दोनदा बदला आणि बिनधास्त चालवा. प्रेशरचा दोष निघाला आणि पॅन स्वच्छ असेल तर वॉल्व्ह बॉडीपर्यंत खर्च करणं योग्य, त्याच्यापुढे जायच्या आधी पुल्या बघून घ्यायला सांगा. चकाकणारे तुकडे निघाले तर ऑइलवर पैसे घालवू नका, थेट बॉक्स दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि तो गाडीच्या किमतीशी ताडून बघा, आणि अशी गाडी विकायची ठरली तर घेणाऱ्याला ते सांगून विका, कारण तो तुमच्यासारखाच एक सेकंड हँड घेणारा असेल. आधी कुठेतरी वॉरंटी वाढवून दिलेली आहे का तेही चेसिस नंबर देऊन कंपनीकडे विचारा, मालक बदलला तरी ती बरेचदा गाडीबरोबर येते.

स्कॅनर लावाल तेव्हा थरथर चालू असतानाचे पाच आकडे लिहून घ्या आणि मॉडेलच्या नावासकट इथे टाका: ऑइलचं तापमान, इंजिनाचा आरपीएम, दोन्ही पुल्यांचा स्पीड, मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर, आणि त्या क्षणी लॉक-अप लागलेला होता की नाही. तेवढ्यावर मी नेमकं सांगू शकेन.